डायपरची घट्ट पुरचुंडी

बाळाचं उष्टावण होतं. मामाच्या मांडीवर बसवून चांदीच्या वाटीतली खीर चाटवली जाते, फोटो निघतात, पाहुणे जेवून जातात. त्यानंतर पंधरा-वीस दिवसांत बाथरूमच्या कोपऱ्यातली कचऱ्याची बादली बोलायला लागते. तोवर त्याच बादलीत तेच डायपर पडत होते, पण कुणी नाकाला रुमाल लावला नव्हता. आता आजी दारात चपला काढता काढताच विचारते, ‘कसला गं वास येतोय?’ मग फिनेल येतं, रूम फ्रेशनर येतो, संध्याकाळी धूप फिरवला जातो, आणि घरात डायपरचा वास अधिक गुलाबाचा वास असं एक तिसरंच काहीतरी तयार होतं.

यात आईबाबांचा आळस नसतो. बाळाचं जेवण बदललेलं असतं. निव्वळ आईच्या दुधावरच्या बाळाच्या शीला ताकासारखा आंबूस, सौम्य वास असतो. वरण-भात, नाचणीची पेज, उकडलेलं अंडं पोटात जायला लागलं की आतड्यातल्या जीवाणूंची वस्ती बदलते. प्रथिनांमधल्या ट्रिप्टोफॅन या घटकाचं विघटन करताना हे जीवाणू इंडोल आणि स्कॅटोल नावाची रसायनं तयार करतात. शीचा जो ओळखीचा वास, तो मुख्यतः यांचा आणि त्यांच्या सोबतीच्या गंधकयुक्त वायूंचा. गंमत म्हणजे हेच इंडोल अगदी सूक्ष्म प्रमाणात मोगऱ्या-जाईच्या सुगंधातही असतं. प्रमाण वाढलं की गजऱ्याचं डायपर होतं.

शूचं गणित वेगळं. ताज्या शूला फारसा वास नसतोच. तिच्यात युरिया असतो, आणि युरियाला स्वतःचा वास नाही. पण शीतल्या जीवाणूंकडे युरिएज नावाचं विकर असतं. ते युरिया फोडून अमोनिया मोकळा करतं. डोळ्यांना चुरचुरणारा, सार्वजनिक मुतारीची आठवण करून देणारा वास तो हाच. म्हणजे नुसता ओला डायपर बराच वेळ निरुपद्रवी असतो, नुसती शी एका मर्यादेपर्यंत सहन होते, पण दोन्ही एकत्र, गरम आणि बंद जागेत रात्रभर राहिली की कारखाना सुरू होतो. मे महिन्यातली मुंबई आणि ऑक्टोबरमधलं पुणं या कारखान्याला अगदी मानवतं.

एवढं रसायनशास्त्र सांगण्याचं कारण असं की बाजारातले बहुतेक उपाय डायपर बादलीत पडल्यानंतरचे आहेत: सुगंधी पिशव्या, पावडरी, झाकणाला चिकटवायच्या वड्या. वासाचा निकाल मात्र त्याआधीच्या दोन मिनिटांत लागलेला असतो. डायपर बाळाखालून निघाल्यापासून बादलीचं झाकण उघडेपर्यंत जे होतं किंवा होत नाही, त्यावर पुढचे चोवीस तास अवलंबून असतात.

पहिलं काम शी काढण्याचं. ती डायपरसकट बादलीत जाऊ द्यायची नाही, संडासात टाकायची. ही सूचना अनेक डायपरच्या पाकिटांवर बारीक अक्षरांत छापलेली असते आणि ती जवळजवळ कुणीच वाचत नाही. घट्ट शी डायपर संडासावर तिरका धरून झटकला की पडते. चिकट असेल तर टॉयलेट पेपरच्या तुकड्याने निपटून तो तुकडाही संडासातच टाकावा. वर्तमानपत्राचा तुकडा वापरला तर तो मात्र डायपरबरोबरच गुंडाळावा, कारण तो पाण्यात लवकर विरघळत नाही. जेट स्प्रेने डायपर धुवायचा मोह होतो, तो आवरावा. डायपरच्या पोटात सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटचे साखरेसारखे कण असतात. ते स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट पाणी शोषतात. शूमध्ये क्षार असल्याने तिथे ते जरा हात आखडता घेतात, पण नळाचं पाणी मिळालं की फुगतच राहतात. धुतलेला डायपर स्वच्छ न होता दुप्पट जड होतो, कधी फाटतो, आणि मग बाथरूमभर जेलीचे गोळे. याच कारणाने अख्खा डायपर किंवा ओले वाइप्स संडासात कधीही सोडू नयेत. डायपर पाइपच्या वळणावर फुगून बसतो. बहुतेक वाइप्समध्ये प्लास्टिकचे धागे असतात, ते एकमेकांत अडकून दोर वळल्यासारखे होतात. खालच्या मजल्यावरचे शेजारी आणि प्लंबर दोघांची ओळख वाढते ती अशी.

दुसरं काम गुंडाळण्याचं, आणि ते जरा जवळून बघण्यासारखं आहे. टेपवाला डायपर असेल तर वापरलेला वाइप आतच ठेवायचा. पोटाकडच्या बाजूपासून सुरुवात करून पाठीकडे गुंडाळत न्यायचं. दोन्ही कडांच्या झालरी अंगठ्याने आत दाबायच्या. टेप पाठीच्या पट्टीला असतात, त्यामुळे गुंडाळी संपताना ते आपोआप वर येतात. ते दोन्ही बाजूंनी ताणून गुंडाळीभोवती चिकटवायचे. हातात राहते ती मुठीएवढी घट्ट वळकटी. चड्डीसारखा डायपर असेल तर तो पायांतून ओढून काढायच्या भानगडीत पडू नये, शी मांड्यांना आणि मोज्यांना लागते. दोन्ही बाजूंच्या शिवणी फाडून तो खालून काढावा. अशा अनेक डायपरच्या पाठीमागे एक छोटी घडी घातलेली पट्टी असते. पुष्कळ पालक तिला शोभेची समजतात. ती गुंडाळी बांधण्यासाठीच दिलेली असते.

घट्ट का, तर वास बाहेर पडायला पृष्ठभाग लागतो. उघडा पसरलेला डायपर म्हणजे वीतभर रुंदीचं वाळवण. वळकटी केली की सगळं घाणेरडं अंग आत आणि डायपरचीच प्लास्टिकची पाठ बाहेर.

आता रद्दी. मोठ्या आकाराच्या वर्तमानपत्राचं अर्धं पान पुरतं. वळकटी कोपऱ्यावर ठेवायची, एक गुंडा द्यायचा, दोन्ही बाजू आत मोडायच्या आणि शेवटचं टोक खोचायचं. किराणा दुकानात पूर्वी साखरेचा पुडा बांधत, त्याच हाताने. कागद बाहेरचा दमटपणा शोषतो, आणि जीवाणूंना कोरडं आवडत नाही. शूचा डायपर असेल तर एवढ्यावर भागतं. शीचा असेल तर त्यावर एक पिशवी चढवून गाठ मारायची.

कुठली पिशवी? कॅरिबॅगा बंद झाल्यापासून हा प्रश्न घरोघरी आहे. पावाच्या पिशव्या, डायपरच्याच पाकिटाची रिकामी पिशवी, किराण्याच्या सामानाची पाकिटं, काहीही चालतं. पण एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. साधं पातळ पॉलिथिन पाणी अडवतं, वास मात्र पूर्ण अडवत नाही. वासाचे रेणू त्यातून हळूहळू झिरपतात. म्हणून काळ्या पिशवीला कितीही पक्की गाठ मारली तरी दुसऱ्या दिवशी ती बोलतेच. वेफर्स-फरसाणाची आतून चंदेरी असलेली मोठी पाकिटं यात सरस ठरतात. त्या धातूच्या थरामुळेच तर वेफर्स महिनोन्‌महिने कुरकुरीत राहतात. ही पाकिटं भंगारवाला सहसा घेत नाही, त्यामुळे ती अशी वापरली तर कुणाचं नुकसान नाही. रात्रीचा सगळ्यात भारी डायपर अशा पाकिटात घालून तोंड दोनदा मुडपलं आणि चिकटपट्टी लावली की सकाळपर्यंत शांतता.

तिसरं काम वेळेचं. उन्हाळ्यात माशीची अंडी एका दिवसाच्या आतही फुटू शकतात. म्हणून डायपरची बादली किती भरली हे न बघता ती रोज रिकामी झाली पाहिजे. ‘अजून अर्धीच भरलीय’ हे वाक्य डायपरच्या घरात बाद समजावं. यासाठी मोठी बादली घेऊच नये. मोठी बादली माणसाला थांबायला शिकवते. दिवसाचे सहा-सात डायपर मावतील एवढा, घट्ट झाकणाचा, शक्यतो पायाने उघडणारा डबा पुरतो. स्टीलचा मिळाला तर उत्तम, कारण प्लास्टिक वास पिऊन घेतं आणि दोन-चार महिन्यांनी रिकामा डबाही वास मारायला लागतो. जुना, झाकण नीट बसणारा पिठाचा डबाही चालेल, फक्त तो पुन्हा पिठाकडे जाणार नाही याची घरातल्या सगळ्यांना कल्पना असावी.

डबा ठेवायचा कुठे, यावरून घराघरांत मतभेद असतात. बाथरूम सोयीचं वाटतं, पण तिथे ओल आणि गिझरची ऊब दोन्ही असतात. बाल्कनीत ठेवला आणि दुपारचं ऊन त्यावर आलं तर भट्टीच. फ्लॅटला ड्राय बाल्कनी असेल तर सावलीचा कोपरा सगळ्यात बरा. नसेल तर एक्झॉस्ट फॅनच्या जवळ, पाण्याच्या शिंतोड्यांपासून दूर. स्वयंपाकघरातल्या ओट्याखाली नको. रात्रीच बादली दाराबाहेर पॅसेजमध्ये ठेवायची सवय असेल तर सोसायटीतली मांजरं ती तपासून जातात आणि सकाळी शेजाऱ्यांच्या दारात पंचनामा होतो.

सोड्याबद्दल बरंच ऐकू येतं. खाण्याचा सोडा शीतल्या आंबट, आम्लधर्मी वासावर खरंच काम करतो. डब्याच्या तळाशी रद्दीची घडी आणि त्यावर दोन चमचे सोडा हा स्वस्त आणि चांगला उपाय आहे. रद्दी ओली झाली की दोन्ही बदलायचं. अमोनियापुढे मात्र सोडा हात टेकतो, कारण अमोनिया स्वतःच अल्कधर्मी. तिथे व्हिनेगर लागतं. आठवड्यातून एकदा डबा साबणाने धुऊन, मग पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घालून त्याने विसळावा आणि उन्हात पालथा न घालता आडवा ठेवून खणखणीत वाळवावा. धुण्याइतकंच वाळवणं महत्त्वाचं.

इथे दोन इशारे, आणि ते हलक्याने घेऊ नयेत. ब्लीचिंग पावडर किंवा क्लोरीनचं द्रावण व्हिनेगरबरोबर किंवा अ‍ॅसिडवाल्या टॉयलेट क्लीनरबरोबर कधीही मिसळायचं नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो. शूने भरलेल्या, अमोनिया सुटलेल्या बादलीत थेट ब्लीच ओतलं तरी घातक वायू तयार होतात. बंद बाथरूममध्ये हे प्रयोग जिवावर बेतू शकतात. ब्लीच वापरायचंच असेल तर बादली आधी साध्या पाण्याने दोनदा विसळून, खिडकी उघडून, आणि एकटं ब्लीच.

दुसरा इशारा डांबरगोळ्यांचा. कपाटातल्या वासासाठी आणलेल्या दोन गोळ्या डायपरच्या डब्यात टाकायची पद्धत पुष्कळ घरांत आहे. डांबरगोळ्यांमध्ये नॅप्थलीन असतं. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाच्या विकराची जन्मजात कमतरता असते, आणि अशा बाळाच्या शरीरात नॅप्थलीन गेलं, नुसत्या वासातून किंवा कपड्यांमधून गेलं, तरी तांबड्या पेशी फुटून गंभीर रक्तक्षय आणि कावीळ होऊ शकते. आपल्या बाळात ही कमतरता आहे का, हे अनेकांना तपासणी होईपर्यंत माहीतच नसतं. म्हणून बाळाच्या घरात डांबरगोळी नकोच, डायपरच्या डब्यात नको आणि दुपट्यांच्या कप्प्यातही नको. कापूरही रांगत्या बाळाच्या हाताला लागेल असा ठेवू नये. तो गिळला गेला तर झटके येऊ शकतात.

उदबत्ती, धूप, फ्रेशनर यांविषयी एवढंच की ते वास काढत नाहीत, वर दुसरा वास पांघरतात. वर तान्ह्याच्या खोलीत धूर.

घरातला एक खास अपघात इथेच सांगून टाकायला हवा, कारण तो डायपरच्या प्रत्येक घरात एकदा तरी होतो. कपड्यांच्या ढिगाऱ्यात डायपर राहून जातो आणि वॉशिंग मशीनमध्ये फिरतो. झाकण उघडलं की आत बर्फ पडल्यासारखं दिसतं. घाबरून पुन्हा पाणी सोडू नये, ते कण आणखी फुगतील. कपडे एकेक बाहेर काढून गच्चीत किंवा बाल्कनीत झटकावे, सुकले की उरलेले कण गळून पडतात. मशीनमधली जेली हाताने किंवा कागदाने काढून कचऱ्यात टाकावी. उरलेल्यावर मूठभर मीठ टाकावं. मिठाने ही जेली पाणी सोडते आणि आक्रसते. मग एकदा रिकामं मशीन फिरवावं. फरशीवर डायपर फुटला तरी हाच उपाय.

हे सगळं बाळापुरतं. पण आज डायपर फक्त पाळण्याजवळ नसतात. अंथरुणाला खिळलेले आजोबा, पक्षाघातानंतरची आजी, शस्त्रक्रियेनंतरचा घरातला कर्ता माणूस यांच्या खोलीतली अडचण जास्त मोठी, आणि तिच्याबद्दल बोललं जातं फार कमी. मोठ्यांचा डायपर आकाराने तिप्पट-चौपट, शू जास्त गडद, औषधांचे वास वेगळे. वर्तमानपत्राचं अर्धं पान इथे पुरत नाही, दोन अख्खी पानं लागतात. शी संडासात टाकायचा नियम इथे दुप्पट महत्त्वाचा, आणि हातमोजे घालूनच. रुग्णाला सांभाळणाऱ्या मावशी रोजच्या घाईत डायपर तसाच गोळा करून बादलीत टाकतात. त्यांना दोष देण्यापेक्षा पलंगाच्या पायथ्याशी रद्दी, हातमोजे, पिशव्या आणि चिकटपट्टी असा एक खोका तयार ठेवला तर काम आपोआप नीट होतं. वस्तू हाताशी असली की शिस्त लागते.

एवढं करूनही मोठ्या माणसाच्या खोलीतला वास जात नसेल तर बरेचदा दोषी डायपर नसतो. गादी असते. गादीवर शिवणीच्या जागी मुरलेली शू बरेच दिवस अमोनिया सोडत राहते. गादीवर सबंध रेक्झिन, त्यावर सुती चादर, आणि प्रत्येक वेळी डायपर बदलताना रेक्झिन ओल्या फडक्याने पुसून कोरडं करणं, याला पर्याय नाही. आणि शूचा वास एकाएकी नेहमीपेक्षा उग्र झाला, रंग गडद झाला, सोबत ताप किंवा गोंधळलेपण दिसलं, तर फ्रेशनर आणायच्या आधी डॉक्टरांना फोन करावा. पाणी कमी पडल्याची किंवा मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाची ती खूण असू शकते. शेवटचं म्हणजे, रुग्णाच्या देखत नाकाला पदर लावून ‘किती घाण वास’ म्हणू नये. ऐकू कमी येत असलं तरी ते दिसतं.

प्रवासातही पुरचुंडीचंच तंत्र. एसटीच्या किंवा गाडीच्या लांबच्या प्रवासात घडी केलेली चार अर्धी पानं आणि चार पावाच्या पिशव्या बॅगच्या बाहेरच्या कप्प्यात असाव्यात. रेल्वेच्या डब्यांत आता बायो-टॉयलेट आहेत. त्यांत मैला पचवणारे जीवाणू असतात, त्यांना डायपर पचत नाही. संडास तुंबतो आणि उरलेल्या रात्रभर अख्खा डबा त्याची फळं भोगतो. डायपर स्टेशनवरच्या कचरापेटीत टाकावा, खिडकीतून तर मुळीच नाही.

घरातून डायपर गेला की वास संपला असं आपल्याला वाटतं. तो फक्त दुसऱ्याच्या नाकाशी गेलेला असतो. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. तिच्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था झाली आणि २००८ पासून महापालिकेशी करार करून तिच्या सदस्या दारोदार कचरा घेऊ लागल्या. या बायका सुका कचरा हाताने निवडतात. कागद, प्लास्टिक, पुठ्ठा वेगळा काढून विकतात, ती त्यांची रोजची कमाई. त्या ढिगात न गुंडाळलेला डायपर किंवा सॅनिटरी नॅपकिन निघाला की बोटं थेट त्यात जातात. याला उत्तर म्हणून ‘स्वच्छ’ने लाल ठिपक्याची मोहीम सुरू केली. असा कचरा वर्तमानपत्रात गुंडाळायचा आणि वर मार्करने ठळक लाल ठिपका काढायचा, बस्स. ठिपका दिसला की ती पुडी न उघडता बाजूला जाते. मार्कर नसेल तर लाल नेलपॉलिश, लाल टिकली, काहीही चालतं. याच बायकांनी जुन्या वर्तमानपत्रांच्या खास पिशव्या करून विकायलाही काढल्या. ज्यांना डायपर कसा बांधावा हे खरंच कळतं, त्या या.

कायदाही याच वाटेने गेला. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी वापरलेले डायपर, नॅपकिन, रुग्णांच्या अंथरुणावरचे शोषक कपडे यांना ‘सॅनिटरी कचरा’ असं नाव दिलं आणि ते नीट गुंडाळून सुक्या कचऱ्याच्या डब्यात द्यावेत असं सांगितलं. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या नियमांत तर ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा असे चार वेगळे भाग आले. मुंबई महापालिकेने २०२५ मध्येच सोसायट्या, ब्युटी पार्लर, वसतिगृहं यांच्याकडून असा कचरा वेगळा उचलण्यासाठी नोंदणी सुरू केली होती. आपली सोसायटी नोंदलेली आहे का, हे सेक्रेटरींना विचारायला एक मिनिट लागतं. ओल्या कचऱ्यात मात्र डायपर कुठेच, कधीच नाही. एका डायपरची जेली आणि प्लास्टिक सोसायटीच्या खतखड्ड्यातून वेचून काढायला माळीबुवांना तास जातो.

गावाकडे प्रश्न अवघड आहे, आणि त्याला गोड उत्तर नाही. घंटागाडी येत नाही, मग डायपर उकिरड्यावर जातो, तिथून कुत्री तो अंगणात परत आणतात. जाळला तर प्लास्टिकचा विषारी धूर चुलीच्या धुरात मिसळतो, आणि ओला डायपर नीट जळतही नाही. पुरला तर तो पाचशे वर्षं टिकतो असं म्हणतात. आजच्यासारखा कागद-प्लास्टिकचा डायपर बाजारात येऊन साठ-पासष्ट वर्षंच झालीत, त्यामुळे पाचशे वर्षं कुणी मोजलेली नाहीत, पण नांगराला तो पुढच्या वर्षी अख्खा लागतो हे शेतकऱ्यांना पाहून माहीत आहे. अशा ठिकाणी संख्या कमी करणं हाच खरा उपाय. दिवसा लंगोट, रात्री आणि प्रवासात डायपर. दिवसाचे सहा डायपर दोनवर येतात. ते गुंडाळून तालुक्याच्या गावी जाणाऱ्या कुणाच्या तरी गाडीत देता येतात.

लंगोटांनाही वास येतो, पण तो जिरवता येतो. शी झाडून लंगोट आधी गार पाण्यात विसळावा. गरम पाण्याने डाग पक्के बसतात. मग साबण आणि कडक पाणी, आणि मग ऊन. कपड्यांना मऊपणा आणणारं सुगंधी द्रावण लंगोटाला घालू नये, कापड पाणी शोषेनासं होतं. धुवायचे लंगोट पाण्यात भिजत ठेवण्यापेक्षा झाकणाच्या कोरड्या बादलीत ठेवावेत, वास कमी येतो आणि रांगतं बाळ पाण्याच्या बादलीत डोकावण्याचा धोकाही राहत नाही. ऊन मात्र हवंच. श्रावणात कोकणात लंगोट तीन दिवस दांडीवर कुबट होत राहतात. तिथे आजीसुद्धा डायपरला नाव ठेवत नाही.

वापरलेल्या डायपरचं पुढे काही होऊ शकतं का? वेल्समध्ये २०२२ साली ए-४८७ या रस्त्याच्या एका टप्प्याच्या डांबरात धुऊन-सुकवलेल्या डायपरचा धागा मिसळला गेला. पुण्यातली पॅडकेअर ही कंपनी वापरलेल्या सॅनिटरी नॅपकिनमधून लगदा आणि प्लास्टिक वेगळं काढते. पण घरोघरच्या डायपरला अशी वाट सध्या तरी मोजक्याच ठिकाणी आहे.

एक वाट मात्र कायद्यानेच दाखवलेली आहे. २०१६ च्या नियमांनी डायपर आणि नॅपकिन बनवणाऱ्यांनाही एक सूचना केली होती. संपूर्ण पुनर्वापर होईल अशी सामग्री वापरण्याच्या शक्यता तपासा, नाहीतर प्रत्येक डायपरबरोबर विल्हेवाटीसाठी एक पिशवी किंवा आवरण द्या. म्हणजे रद्दी आणि वेफर्सच्या पाकिटाची ही सगळी खटपट खरं तर पाकिटातच तयार मिळायला हवी होती. तशी पिशवी मिळावी म्हणून ‘स्वच्छ’च्या बायकांनी २०१३ साली वापरलेल्या नॅपकिनच्या पिशव्या भरून कंपन्यांच्या दारात परत पाठवल्या होत्या. वाचकांना तेवढं करायची गरज नाही. आज घरातलं डायपरचं पाकीट उलटं करून बघा. मागे ग्राहक सेवेचा क्रमांक असतो. पाकिटात पिशवी नसेल तर त्या क्रमांकावर फोन करून एवढंच विचारा, ‘पिशवी कुठे आहे?’